मावशीचा पट्टा
स्वतः बनवलेल्या पट्ट्याची चाचणी यशस्वी झाली असती तर डॉ. सिद्धोधन साळवे यांना निवृत्तीच्या आधी प्राध्यापकपद मिळणार होतं, आणि अठरा वर्षं 'सरांचं ते घड्याळ' म्हणून हसणारी स्टाफरूम एकदाची गप्प होणार होती. घड्याळ नव्हतंच ते. मनगटावरचा तो पट्टा घामावरून अंगातलं पाणी ओळखायचा आणि ऊन लागायच्या आधी वाजायचा.

झरी गावात हळद काढणाऱ्या बायांना सरांनी चाचणीसाठी पट्टे बांधले. त्यातली एक त्यांची सख्खी मावशी, मालनबाई. आठवडाभर सगळ्यांचे आकडे छान आले. शंका यायला हवी होती, पण थकलेल्या माणसाला चांगला आकडा खोटा वाटत नाही. सरांनी अहवाल लिहायला घेतला आणि मावशी वावरातच चक्कर येऊन पडली. पट्टा वाजलाच नाही.

दवाखान्यात सरांनी आधी तिचं मनगट बघितलं.

"पट्टा कुठंय, मावशी?"

"बबिताच्या हातात. पहिल्या दिवसापून."

बबिता म्हणजे मावशीची सून. दिवसभर पंख्याखाली शिवणकाम करणारी.

"तिला कशाला?"

"महं अंग म्हातारं, बाबा. वाईट आकडे गेले तर सायब लोक तुलाच नापास करतेत. बाकीच्या बायांनाबी सांगितलं, घरातल्या धडधाकट मानसाला बांधा. झालास न्हवं पास?"

सरांना रागवायचंही त्राण नव्हतं. आकडे भलत्याच माणसांचे असल्याचं त्यांनी स्वतःच कळवलं आणि चाचणी रद्द झाली. पद दुसऱ्याला गेलं, त्यानं पेढे वाटले. किंमत मोजली ती मावशीच्या अंगानं आणि सरांच्या अठरा वर्षांनी.