तांब्याभर विचार

विचार केल्याशिवाय माणसानं तोंडातून शब्द काढू नये, हे सत्य शेषेरावांनी त्या सकाळी देवासमोर हात जोडून पूर्णपणे स्वीकारलं, आणि डोळे उघडता उघडता म्हणाले, "आज देव कुणी धुतले? तोंडं काळी दिसून राहिलीत."

ज्यांनी धुतले त्या शिवकन्याबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मागेच उभ्या होत्या. त्यांनी पाण्यानं भरलेला तांब्या नवऱ्याच्या हातात दिला.

"पाहुणे काई बी इचारू द्या. आदी एक घोट प्यायचा. मंग बोलायचं."

या उपायाला कारण होतं. त्यांच्या लेकीचं, सृष्टीचं, मागचं स्थळ जवळजवळ जुळलं होतं. तेवढ्यात शेषेरावांनी मुलाच्या वडिलांना सहज विचारलं, की टक्कल तुमच्याकडं किती पिढ्यांपासून हाय? मुलगा टोपी घालून आला होता. तो टोपी घालूनच परत गेला.

आजचे पाहुणे देवणीचे. मुलगा नांदेडला बँकेत, सृष्टीही नांदेडलाच, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. ती सुशिल्याच्या, म्हणजे फोडणीच्या मुरमुऱ्यांच्या, बशा घेऊन दारात आली, तेव्हा मुलाचे वडील व्यंकटराव मुद्द्यावर आले.

"येकच हाय. लग्नानंतर नौकरी सोडावी लागंल. आमच्यात सुना कामाला जात न्हाईत."

सृष्टीच्या हातातला ट्रे थांबला. शेषेरावांच्या जिभेवर 'हाव, सोडंल की' अगदी तयार होतं. त्यांनी घोट घेतला.

व्यंकटरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजे लगेच म्हणून न्हाई. वरीसभर करू द्या."

घोट.

"लेकरू होईपर्यंत करू द्या. आमी काय जुन्या इचाराचे हाव का?"

या प्रश्नाचं उत्तर शेषेरावांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मोठा घोट घेतला. तांब्या संपला. शिवकन्याबाईंनी आतून लगोलग दुसरा पाठवला. तोही निम्मा झाल्यावर शेषेराव एकदम उठले आणि कुणाकडंही न बघता घाईघाईनं परसाकडं निघून गेले.

"उठले की वो," व्यंकटराव हळूच म्हणाले.

"मानी माणूस हाय," मध्यस्थ निवृत्तीमामांनी घाबरून सुचेल ते सांगितलं. "बोलत न्हाई. उठतो."

व्यंकटरावांनी मुलाकडं पाहिलं. मुलगा सृष्टीकडं बघत होता.

"मला चालतंय की, अप्पा," तो म्हणाला.

शेषेराव हात पुसत परतले. चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. बाहेर त्यांनी एक वाक्यही जुळवून ठेवलं होतं: 'तुमी म्हणताल तसं.' पण व्यंकटरावांनी त्याआधीच त्यांचा ओला हात धरला.

"करू द्या नौकरी. कायमची. अशे तोलून बोलणारे सोयरे कुठं मिळतेत?"

तोलून काय किंवा न तोलता काय, शेषेराव अजून काहीच बोलले नव्हते. त्यांनी मान हलवली. सुपारी फुटली.

पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर सृष्टी ओट्यावर त्यांच्याजवळ येऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"पप्पा, तुम्ही माझ्या नोकरीसाठी उठून गेलात ना?"

शेषेरावांनी तोंड उघडलं. मिटलं. अंगणात माती उकरणाऱ्या कोंबडीकडं बराच वेळ पाहिलं.

"हाव," ते म्हणाले.

दिवसभरात विचार करून ते बोलले, ते एवढंच. आणि ते खोटं होतं.