शेवटचं बटण

टेलरबाईंना अर्धवट काम बघवत नसे. वाटेत कुणा पोरीच्या फ्रॉकची शिवण उसवलेली दिसली, तर बाई तिला थांबवून, पर्समधली सुई काढून, तिथल्या तिथे टाके घालून मोकळ्या व्हायच्या. पोरीला शाळेला उशीर झाला तरी चालेल, पण शिवण पुरी झाली पाहिजे. अशा बाईला भाड्याने नेमकं तेच घर मिळावं, याला नशीबच म्हणायचं, दुसरं काय?

घर गावाच्या टोकाला, उतारावर होतं. दगडी भिंती, बुटकं छप्पर, पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. दार इतकं ठेंगणं की बाईंच्या नवऱ्याला कमरेत वाकूनच आत यावं लागे. तो जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेला, ताडमाड माणूस. सुरुवातीला त्या चौकटीने त्याच्या कपाळाचे इतके मुके घेतले, की बाई म्हणाल्या, माझ्यापेक्षा हिचाच तुमच्यावर जीव दिसतो.

पुढच्या खोलीत खिडकीखाली फरशी खोलगट झाली होती. आधीचे सगळे तिथेच बसून काम करत असणार. बाईंनीही मशीन तिथेच मांडलं. पाय त्या खळग्यात असे बसले, जसे जुन्या चपलेत बसतात.

पहिल्याच दुपारी त्यांना रंधा मारल्याचा आवाज आला. खर्रर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्रर्र. शेजारी सुतार असेल असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दुपारी त्यात विणकामाच्या सुयांची टिकटिक मिसळली, तीही अगदी कानाशी. बाई मशीन थांबवून मागे वळल्या. मागे कुणीच नव्हतं, भिंत होती.

समोरच्या दूधवाल्या काकूंनी आढेवेढे घेत सगळं सांगितलं. घर एका सुताराने बांधलं, एकट्याने, सवडीसवडीने. शेवटची फळी खिडकीला बसवली, रंधा खाली ठेवला आणि खिडकीखाली बसला तो उठलाच नाही. मग एक घड्याळं दुरुस्त करणारा आला. तो भारी विसराळू. एक घड्याळ खोललेलं तसंच टाकून शहरात निघून गेला, तो अजून तिथे धडधाकट आहे. त्याच्यानंतर शाळेतल्या बाई आल्या. त्यांची बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं. निघण्याआधी स्वेटरचा शेवटचा टाका घातला, लोकर तोडली आणि खुर्चीतच मान टाकली.

"हातातलं काम संपवून या घरातून कुणी बाहेर पडलेलं नाही," काकू म्हणाल्या. "जो गेला, तो काहीतरी अर्धं ठेवूनच गेला. तुम्हाला काय वाटेल ते वाटो, मी सांगितलं."

बाई वरवर हसल्या. नवऱ्याला त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नाही. तो चेष्टा करील, आणि मग चहाला येईल त्या प्रत्येकाला तिखटमीठ लावून सांगत बसेल. त्याला दुपारी गाढ झोप लागे, त्यामुळे आवाज त्याच्या कानावर कधी पडलेच नाहीत. तेव्हापासून बाई एक काम संपायच्या आत दुसरं मशीनला लावू लागल्या. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून सुईत दोरा नवराच ओवून देई. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, खाकरायचं आणि सुई पुढे करून म्हणायचं, "हं, घे." संसारातली भांडणंसुद्धा त्या दोन शब्दांवर मिटत.

मग शहरातून लेकीचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते, इतक्या वर्षांनी पहिलंच मूल. आईबाबांनी आता कायमचंच यावं, असं तिचं म्हणणं होतं. बाईंनी गिऱ्हाइकांचे कपडे पोहोचते केले. भावाने मशीन मागितलं होतं, ते तो मागाहून नेणार होता. मशीनवर फक्त नवऱ्याचा जुना खाकी शर्ट उरला. त्याची झिजलेली कॉलर काढून, उलटून पुन्हा लावून झाली होती. एक बटण तेवढं राहिलं होतं. ते त्यांनी मुद्दाम ठेवलं. सुई शर्टाला टोचून ठेवली, बटण शेजारी ठेवलं. ते तसं सोडताना त्यांची बोटं अक्षरशः शिवशिवत होती.

नवरा म्हणाला, अगं, शर्ट राहिला. बाई म्हणाल्या, राहू दे, चिंधी झालीय त्याची. पण दारातून त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि फाटकातूनही पाहिलं. नवऱ्याच्या नजरेतून ते सुटलं नाही.

बसथांब्यावर सामान ठेवल्यावर तो म्हणाला, चष्मा विसरलो, आलोच. बाईंनी मान डोलावली. बस येऊन उभी राहिली तेव्हा त्यांचं लक्ष त्याच्या हातपिशवीकडे गेलं. चष्म्याचं घर वरच होतं, आणि चष्मा त्यात होता.

सामान तिथेच टाकून बाई चढावरून धावत सुटल्या.

तो खिडकीखाली बसला होता, पाय त्या खळग्यात, मान किंचित कललेली. मांडीवर शर्ट होता. बटण वेड्यावाकड्या टाक्यांनी, पण घट्ट लावलं होतं. दोरा दातांनी तोडला होता आणि सुईत नवा दोरा ओवून ठेवला होता. बाईंनी हाका मारल्या, खांदे हलवले. त्यांना रुखरुख लागू नये म्हणून तो परत आला होता. तोंड उघडून एकदा सांगितलं असतं तर, एवढंच त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिलं.

सगळं आटोपल्यावर निघायच्या दिवशी बाईंनी शर्ट हातात घेतला आणि बटणाचे टाके एकेक करून उसवले. मागे भिंतीपाशी कुणीतरी खाकरलं. बाई वळल्या नाहीत.

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या. "लेक वाट बघतेय. पोर जरा मोठं होऊ दे, मग येते आणि लावते."

बटण रुमालाच्या कोपऱ्यात बांधून त्या बाहेर पडल्या.

घर तेव्हापासून रिकामंच आहे. दूधवाल्या काकू सांगतात, दुपारी रंधा ऐकू येतो, सुयांची टिकटिक ऐकू येते, आणि मध्येच एक पुरुष प्रेमाने म्हणतो, "हं, घे." इकडे नात आता चालायला लागली आहे. आजीच्या डब्यातली बटणं ती घरभर सांडते, आजी हसत गोळा करते. रुमालाला मात्र आजी तिला हात लावू देत नाही.