बाबाच्या हातातली ट्यूब

१९८२ची दिवाळी जवळ आली होती. करडी गावच्या आंब्याखाली चौथ्या संध्याकाळीही गर्दी मावेना. गुलाबगिरी बाबाने बाजारात मिळते तसली दिव्याची साधी ट्यूब उभी धरली. ना वायर, ना बटण.

"आली रे माय!" बाबा किंचाळला आणि ट्यूब भक्कन पेटली. मधूनच ती फडफडली. "पाहा, माय नाचून राहिली!"

सगळ्यांत पुढे इश्वर हात जोडून बसला होता. त्याच्या शकुनबाईला सातवा महिना. पाय सुजलेले, डोळ्यांपुढे अंधारी. भंडाऱ्याच्या डॉक्टरने ताबडतोब भरती करा म्हटलं होतं. बाबाने मात्र पाच उजेड, म्हणजे पाच संध्याकाळी ट्यूब पेटेपर्यंत तिला गावची शीव ओलांडायची बंदी केली होती.

आंब्याशेजारच्या घरात टिकाराम कपाळाला हात लावून बसला होता. फौजेत रेडिओ शिकलेला हा गडी परवाना काढून घरूनच दूरदेशीच्या लोकांशी बोलायचा. सेट आणि बाहेरची लांब तार यांचा मेळ घालणारी पेटी, म्हणजे ट्यूनर, चार दिवस त्याला छळत होती. कमी जोरावर गुपचूप, पूर्ण जोर दिला की आत चर्रर्र! त्याने सेटवर संशय घेतला, मग तारेवर, मग सांध्यांवर. शेवटी खोलीत अंधार करून पाहिलं, तर ट्यूनरच्या पितळी पात्यांमध्ये निळी ठिणगी उडत होती. पात्यांवर पांढुरकं पुट होतं.

"मंदे, याले कोणं हात लावला?"

"मीनंच," त्याची बायको मंदाबाई म्हणाली. "दिवाळीची सारी पितळ चिंच-राखेनं घासली, हेच काहून काळं ठेवू?"

भंडाऱ्याच्या कारागिराकडून घडवून आणलेल्या पात्यांना तिने हंड्याचा मान दिला होता. टिकारामला हसू आवरेना.

"हासता कायले? तुमचं चर्रर्र झालं का तिकडे बाबाची ट्यूब फडफडते. ओसरीतून पाहून राहिली मी."

टिकारामचं हसू थांबलं. त्याच्या तारेचं दुसरं टोक त्याच आंब्याला बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने पाती स्पिरिटने पुसून वाळवली. पूर्ण जोर दिला, आवाज नाही. मग सेट बंद केला आणि मंदाबाईला सांगितलं, "मी कंदील वर केला का हे बटन दाब."

पाचव्या संध्याकाळी टिकाराम कंदील घेऊन गर्दीत उभा राहिला. बाबा तीनदा किंचाळला. ट्यूब ढिम्म.

"पाप हाय, पाप!" बाबा गरजला. "त्या गरवार बाईचंच!"

इश्वरचा चेहरा पांढराफटक पडला. टिकारामचं डोकं सणकलं. त्याने बाबाच्या हातातली ट्यूब हिसकावून इश्वरच्या हातात दिली आणि कंदील वर केला. ट्यूब पेटली. या वेळी फडफडलीसुद्धा नाही.

"सांग इश्वर, तुया अंगात कोण आलं?"

"कोणीच नाही गा!"

"येणार कोण? हे वरती माही तार हाय. सेटनं जोर दिला का तारेभोवती विजेचा जोर पसरते, अन् ट्यूबमधली पाऱ्याची वाफ पेटते. रोज याच वेळेले मी सेटवर बोलतो, तेच हेरून हा किंचाळत होता. चार दिवस तुमची माय मीच होतो, अन् मलेच मालूम नोहोतं!"

"आमच्या दिघोरीत हा मोठ्या विजेच्या तारेखाली बसला होता," पाहुणा आलेला सुखराम मागून ओरडला. बाबा झोळी गोळा करू लागला. प्रत्येक गावात तो आधी तार शोधत होता आणि देव मागाहून आणत होता.

टिकाराम गर्दीकडे वळला. "माह्या पेटीत चर्रर्र झालं तं मी एकेका वस्तूवर संशय घेतला. तिकडे एका बाईचा जीव टांगणीले लागला, अन् तुमी या बाबावर एकदाही संशय घेतला नाही? इचारा ना बाप्पा! इचारल्यानं देव कोपत नाही."

इश्वर ते ऐकायला थांबला नव्हता. शेवटच्या एस.टी.त त्याने शकुनबाईला खिडकीशी बसवलं आणि कंडक्टरला म्हणाला, "दोन भंडारा. दवाखान्याजवळ उतरवजा."