कानटोपीतली नवरी

तुळशीचं लग्न संध्याकाळी, आणि नवरीच्या अंगावर पान म्हणून नाही.

सुष्मिता लेकीला, ऊर्मीला, कडेवर घेऊन चेन्नईच्या अण्णा नगरातल्या आपल्या बाल्कनीत उभी होती, आणि तिला रडू यायच्या ऐवजी हसूच यायला लागलं होतं. कुंडीत नुसत्या काड्या. पंधरवड्यापूर्वी हीच तुळस अशी फोफावली होती की सुष्मितानं ऐटीत तंजावरला फोन लावला होता. "अम्मा, कमरेएवढी झालीय. नुसती बहरलीय. यंदा लग्न आमच्याकडेच करू या."

सासरच्या मराठी घरचं तुळशीचं लग्न आजवर तंजावर सोडून कुठे गेलं नव्हतं. ते आता चेन्नईला यायचं, तेही कोल्हापूरच्या सुनेच्या हाती. सासूबाई, राजसबाई, "बरं" म्हणाल्या होत्या, आणि त्या एका "बरं"वर सुष्मिता कितीतरी दिवस तरंगत होती.

मग पाऊस लागला आणि अख्खी बिल्डिंग खोकायला लागली. आधी ऊर्मी. सुष्मितानं तुळस, आलं, मिरी आणि ताडगुळाचा काढा केला, तो चमच्याचमच्यानं पाजला. पोरगी शांत झोपली. हे वरच्या मजल्यावरच्या शेषाद्री मामांना कळलं आणि ते थर्मास घेऊन दारात हजर. त्यांच्यामागून बाकीचे. लग्न होऊन आल्यापासून लिफ्टमध्ये तिच्याकडे बघून नुसतं हसणारी माणसं आता बेल वाजवून विचारायची, "कषायम इरुक्का, मा?" काढा आहे का? नाही कसं म्हणणार? ती शेंडे खुडत गेली, मग मधली पानं, मग खालची.

तिचा नवरा, नवीन, ऑफिसातून लवकर आला, हातात आवळ्याची फांदी; सासरच्या रिवाजात तोच तुळशीचा कृष्ण. "नवरदेव आलाय," तो म्हणाला आणि कुंडीकडे बघत राहिला. "नवरी पळाली वाटतं."

"गप्प बस आणि तो हिरवा परकर दे."

ऊर्मीचा परकर कुंडीला बसला. वर खणाचा तुकडा, बांगड्या. तरी शेंड्याला काड्या दिसतच होत्या. मग सुष्मितानं कपाटाच्या तळातून पिवळी लोकरीची कानटोपी काढली आणि नवरीला घातली. ऊर्मीनं टाळ्या वाजवल्या.

बेल वाजली. राजसबाई आल्या, पाय धुतले आणि थेट बाल्कनीत गेल्या. टोपीची लोकर त्यांनी बोटांत धरून पाहिली.

"ही टोपी मी विणलीय," त्या म्हणाल्या.

"हो अम्मा. चेन्नईत ती घालणारं आजच कोणीतरी मिळालं."

नवीन तोंडावर हात धरून आत गेला. सुष्मितानं मग सगळं सांगून टाकलं, बिल्डिंग, खोकला, थर्मास. राजसबाई ऐकत होत्या आणि एकदम शिंकल्या. लागोपाठ शिंकल्या.

"ट्रेनचा एसी," त्या नाक पुसत म्हणाल्या. "मलाही दे थोडा कषायम."

"अम्मा, आज द्वादशी. तुळस खुडायची नसते."

"खुडायला ठेवलंयस काय?"

तेवढ्यात शेषाद्री मामा अंतरपाट धरायला आले. काखेत थर्मास. कालचा शेवटचा काढा त्यांनी स्वतःसाठी राखला होता. शिंका ऐकल्या आणि त्यांनी पेला भरून पुढे केला.

राजसबाईंनी तो सावकाश संपवला. मग चष्मा लावून त्या वाकल्या आणि टोपी वर सारली. काडीच्या पेराशी तिळाएवढी दोन पानं उगवत होती, तशीच दुसऱ्या पेराशी.

"शेंडे खुडलेस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "आता दुपटीनं फुटेल." आणि टोपी पुन्हा नीट खाली ओढली. "राहू दे. पाऊस आहे."

लग्न लागलं. अंतरपाटाला ऊर्मीचं दुपटं, मंगलाष्टकं राजसबाईंच्या बसलेल्या आवाजात, आणि प्रत्येक "सावधान"नंतर जमलेली बिल्डिंग एकमुखानं खोकत होती. सुष्मिताच्या हातातल्या अक्षता हसण्यानं सांडल्या.

चुरमुरे वाटताना तंजावरहून फोन आला. राजसबाईंच्या जाऊबाई श्रीरंजनी, नवरीची चौकशी करत होत्या.

राजसबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग कानटोपीकडे.

"कमरेएवढी झालीय," त्या म्हणाल्या. "नुसती बहरलीय. फोटो? नाही गं, इथे पावसात नेटवर्कच नसतं."