बाबांच्या बाजूचा पाटा

बाबा गेल्यानंतर महिन्याच्या आत काकांनी ट्रक विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक दुपारी यायचं होतं. सकाळीच ते मिस्त्रींना घेऊन आले आणि गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बघा, डावीकडे कललीय. दादा गेला आणि गाडीनंही मान टाकली."

"पुढच्या डाव्या स्प्रिंगचे पाटे बसलेत," मिस्त्री म्हणाले. "एक पाटा वाढवला की झाली सरळ."

"डावीकडे काही झालेलं नाही," मी म्हणाले. "उजवी बाजू उंच आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं?" काका म्हणाले.

कळत होतं. खाणीच्या रस्त्यावरचे दगड खाली लागू नयेत म्हणून बाबांनी गाडी स्वतः उंच करून घेतली होती. उंची मोजताना ते स्टिअरिंगवर बसत आणि मी खाली टेप धरून आकडा वाचत असे. एकशे अठरा किलोचा माणूस बसला की उजवी बाजू दबायची. म्हणून त्यांनी तिथे एक आखूड पाटा जास्तीचा घातला. गाडी रिकामी असली की कलायची, ते बसले की सरळ व्हायची. काकांनी ती कललेली पाहिली नव्हती, कारण ते बघायचे तेव्हा बाबा आत असायचे.

"पाटा काढायचाय," मी म्हणाले. "गाडी मी चालवणार आहे."

"खाणीच्या चढावर? तू?"

"चढाला कुठे कळतं, आत कोण बसलंय ते."

मिस्त्री उगाच खोकले आणि जॅक घेऊन आले.

गाडी उचलून सांगाड्याखाली टेकूच्या घोड्या लावल्या. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट गंजले होते; पाना घसरून माझी बोटं सोलली. पाट्यांची थप्पी शिकंज्यात धरून मी मधला बोल्ट सोडला, तेव्हा काका जवळ आले.

"त्याच्या हातचं आहे ते," त्यांचा आवाज उतरला होता. "तेवढं तरी राहू दे गं."

"ते त्यांच्या वजनासाठी होतं, काका. माझं बावन्न आहे."

मी आखूड पाटा ओढून काढला आणि त्यांच्या हातात दिला. धरावाच लागला.

थप्पी पुन्हा बांधली, गाडी चाकांवर उतरवली, मग यू-बोल्ट शेवटचे आवळले. पाटे जागेवर बसावेत म्हणून गाडी थोडी मागेपुढे हलवून बंद केली आणि मी स्टिअरिंगवरच बसून राहिले. सीट बाबांच्या मापाची होती. ती चार खाचा पुढे ओढली.

"काका, टेप धरा. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत."

मिस्त्री पुढे झाले. "तुम्ही नको," मी म्हणाले. "काका वाचतील."

ते गुडघे धरत वाकले. "सत्त्याण्णव." मग बराच वेळ दुसऱ्या बाजूला. टेप दोनदा लावल्याचा आवाज आला. "इकडेही सत्त्याण्णव."

ते खिडकीशी आले. पाटा अजून काखेतच होता. "याचं काय करू? भंगारात?"

"ठेवा. माझं वजन वाढलं की लागेल."

ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "आणि ते दुपारचं गिऱ्हाईक? त्याला काय सांगू?"

"सांगा, गाडी कामावर गेलीय."

मी किल्ली फिरवली.