दोन किल्ल्यांचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. पण थांबा, आधी तुम्ही कोण ते सांगा. मागे कुणी उभं नाही ना? रागावू नका हो, माझा जन्मच संशयातून झालाय. जो येईल त्याला आत सोडते तिला कडी म्हणतात. मी कुलूप आहे.

माझा जन्म तमिळ मुलखातल्या, कुलपांसाठी नावाजलेल्या दिंडिगलचा, सत्तेचाळीस सालचा. एका म्हाताऱ्या कारागिराने पत्रे ठोकून, कानशीने घासून मला हाताने घडवलं. शेजारचा दुकानदार त्याला म्हणाला, "गोरा चालला. आता कुलपं कोण घेणार तुझी?" म्हातारा हसला. "आता तर जास्त खपतील. आजवर चोर कोण ते ठाऊक होतं. उद्यापासून ज्याला त्याला वाटणार, शेजारचाच असेल." असं बोलणं ऐकत मी तयार झालो, मग स्वभाव कसा असणार?

त्यातून माझी जात आणखी निराळी. मला दोन तोंडं, दोन वेगळ्या किल्ल्या. एक फिरवून धरायची आणि त्याच वेळी दुसरी फिरवायची. एकट्याने कितीही खटपट करा, मी ढिम्म हलत नाही.

मला विकत घेतलं कुंभकोणच्या दोघा भावांनी. थोरले सेतुराव, धाकटे श्रीवत्सराव. पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारात कारकून होते. राज्य गेलं, दरबार गेला, उरली फणसाच्या लाकडाची एक पेटी आणि तिच्यात चोळपुरमच्या जमिनीची सनद. सनद मोडी लिपीत. दोघांपैकी एकालाही त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती दुसऱ्याच्या हाती जाऊ नये याची काळजी दोघांनाही सारखीच! नवं सरकार काय करील याची धास्ती होती, भाऊ काय करील याची त्याहून मोठी. म्हणून मी आलो. पेटी कुंभकोणात सेतुरावांच्या घरी, एक किल्ली त्यांच्या कमरेला, दुसरी जवळच्या साक्कोट्टै गावी राहणाऱ्या श्रीवत्सरावांच्या.

घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. मी दिंडिगलचा, मला मराठी कुठून येणार? ऐकून ऐकून शिकलो. वर्षातून एकदा, सरस्वतीपूजेला, दोघे भाऊ पेटीपुढे बसत. दोन किल्ल्या फिरत, कागदांना हळदकुंकू लागे, वर्षभराचे नवे कागद आत जात. पूजा चालली असताना दोघांचे डोळे देवीकडे कमी आणि एकमेकांच्या हातांकडे जास्त. मला फार आवडायचं ते. वाटायचं, ही माझी माणसं.

पहिल्या निवडणुकीची यादी करायला माणूस दारात आला, तेव्हाची गोष्ट. सेतुरावांची बायको कामाक्षी दाराआडून म्हणाली, "लिहा, सेतुरावांची बायको."

"तुमचं स्वतःचं नाव, अम्मा?"

"अय्यो! परक्या पुरुषास नांव सांगूं होय?"

नाव सांगितलं नाही, म्हणून यादीतून गेली. त्याच वर्षी तिला मुलगी झाली, वत्सला. नगरपालिकेच्या शिक्क्याचा जन्मदाखला पूजेच्या दिवशी पेटीत आला. तो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग काळ कसा भरभर पालटला! कायदे आले, चोळपुरमची जमीन ती कसणाऱ्यांकडे गेली. सनदेला रद्दीची किंमत उरली, तरी दोघे तिच्यावर पहारा देत राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं.

आणि आलं पासष्ट साल. हिंदी लादली जाणार म्हणून पोरं रस्त्यावर उतरली. देवनागरी अक्षरं दिसली की डांबर फासत. मी त्यांना दोष देत नाही. आपली भाषा कुणी हिरावून नेईल ही भीती मला कळते, माझा धंदाच तो. पण आमच्या दारावर सागवानी पाटी होती, 'श्रीविठ्ठल प्रसन्न'. श्रीवत्सरावांनी स्वतः तीन महिने खपून कोरलेली. आता धावत्या मोर्चाला कोण समजावणार, की ही अक्षरं हिंदी नव्हेत, मराठी आहेत!

मोर्चा गल्लीत यायच्या आदल्या दुपारी श्रीवत्सराव बायकोला घेऊन साक्कोट्टैहून आले, आणि काय करायचं ते ठरवायला दोघे भाऊ देवळात गेले. धुतल्या कपड्यांत देवदर्शन, म्हणून किल्ल्या घरीच. एवढ्यात कामाक्षी पेटीपाशी आली. पाठोपाठ तुळजा, श्रीवत्सरावांची बायको. दोघींच्या हातात आपापल्या नवऱ्याची किल्ली!

मी म्हटलं, घ्या, जावा फुटल्या. सनद चालली.

दोन्ही किल्ल्या फिरल्या, मी उघडलो. कामाक्षीने पदराखालून पाटी काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि आत ठेवली.

"अक्का, भावोजी विचारतील तर?" तुळजा कुजबुजली.

"आतां सांगितलें तर किल्ल्यांस हात कां लाविला म्हणोन दोघे आपणांस खातील. पूजेस पेटी उघडेल तेव्हां दिसेलच कीं. तेव्हां सगळे हसूं."

तुळजा हसली. आपली कुंकवाची डबी तिने पाटीवर ठेवली, विठोबाजवळ असू दे म्हणून. मी बंद झालो. एवढी वर्षं झाली, पण माझ्यापुढे दोन माणसं एकमेकांच्या हातांकडे न बघता उभी राहिली ती तेवढ्याच एका दुपारी.

संध्याकाळी श्रीवत्सराव दारात थबकले. पाटी नाही! "अण्णा, भिऊन चुलीत घातलीस ना माझी पाटी?" सेतुराव उसळले, "तूच उतरवलीस आणि माझ्यावर घालतोस!" शब्दाला शब्द वाढला. श्रीवत्सरावांनी शपथ घेतली, या घराची पायरी चढणार नाही. तुळजाने तोंड उघडलं तोच नवऱ्याने हाताला धरून तिला बाहेर ओढलं. घरी गेल्यावर किल्लीचं नाव काढायची तिची छाती झाली नसणार.

त्या साली पूजेला पेटी उघडली नाही. पावसाळ्यात तुळजा तापाने गेली, पाठीमागे लहानगा जानकीराम ठेवून. कामाक्षी एकदा धीर करून नवऱ्याला म्हणाली, "पेटी उघडा, म्हणजे कळेल." सेतुराव तिच्याकडे बघतच राहिले. "तुला काय ठाऊक पेटीत काय आहे ते? किल्ली कधी घेतलीस?" ती विषय सोडून आत निघून गेली. तिने साक्कोट्टैला पेटी उघडायला या म्हणून निरोप धाडला, तर श्रीवत्सरावांना वाटलं, सनद काढायचा डाव आहे. साक्ष द्यायला तुळजा राहिली नव्हती. कामाक्षी पुष्कळ वर्षं रोज माझ्यावरची धूळ पुसायची आणि पुसता पुसता रडायची. आणि मी? मला सगळं ठाऊक होतं. पण तोंडं दोन असून जीभ नाही, काय करणार!

एकेक करून सगळी गेली. वत्सला नवऱ्यामागे म्हैसूरला गेली, विधवा होऊन परत आली. आता तिची पंचाहत्तरी जवळ आलीय. जगही बदललं. माणसं बोट टेकवून, डोळा दाखवून ओळख पटवतात, म्हणजे आता माणसंच कुलपं झाली. मला कोण विचारतो!

पण परवा विचारलं. मतदार यादीची फेरतपासणी आली. घरोघर फिरणाऱ्या जयलक्ष्मी टीचर म्हणाल्या, "अम्मा, जुन्या यादीत तुमचं नाव सापडत नाही. शुक्रवारपर्यंत जन्माचा एखादा जुना कागद द्या."

वत्सलाचा चेहरा उतरला. "माझ्या आईने नाव सांगितलं नाही म्हणून ती यादीतून गेली. मी तर ओरडून सांगतें आहें, तरी नाही?"

कागद पेटीत. एक किल्ली वत्सलाकडे, दुसरी साक्कोट्टैच्या जानकीरामकडे. दोन्ही घरांत साठ वर्षं अबोला. कुणी म्हणालं, कुलूप तोडा. वत्सला म्हणाली, "तोडलें तर जानकीराम म्हणेल, सनद चोरली." शेवटी गुरुवारी तिने फोन केला.

जानकीराम आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा. "बापाची शपथ आहे. आणिक मी आत आलों तर तूं म्हणशील, याने कांहीं नेलें."

"आणि तूं नाही आलास तर मी या देशांत कोणीच नाही, जानकीरामा."

तो आला. दोघे माझ्यापुढे बसले. एकमेकांच्या हातांकडे बघत, अगदी बापांसारखे! तेल घातलं, किल्ल्या फिरल्या. आत काय दिसणार ते मला ठाऊक होतं.

वर लुगडं होतं. "हें अम्माचें," वत्सला म्हणाली. आत पाटी. पाटीवर गंजलेली डबी. जानकीरामने ती हातात घेऊन उलटी केली. तळाशी टोचून काढलेलं नाव होतं, तुळजा. तो नऊ वर्षांचा असताना आई गेली होती. सत्तरीचा माणूस हुंदके देऊन रडू लागला.

"दोन किल्ल्यांवांचून हें उघडत नाही," तो म्हणाला. "म्हणजे दोघी मिळोन..."

"दोघी मिळोन," वत्सला म्हणाली, आणि तीही रडू लागली.

जन्मदाखला सनदेखाली मिळाला. शुक्रवारी जयलक्ष्मी टीचरनी तो नीट पाहिला. "हा चालेल, अम्मा." पाटीकडे बोट करून विचारलं, "ही हिंदी का?"

"मराठी," वत्सला आणि जानकीराम एकदमच म्हणाले.

पाटी पुन्हा दारावर लागली. जानकीराम निघाला तेव्हा त्याची किल्ली माझ्यातच राहिली होती. मी लगेच संशय घेतला, विसरला की काही बेत आहे? वत्सलाने किल्ली पाहिली, पण हाक मारली नाही. पुढच्या शुक्रवारी तो आला, ओसरीवर बसून कॉफी प्याला, दोघं हसली. जाताना त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, किल्लीला हात लावला नाही.

मला वाटायचं, मी सनद राखली. सनदेकडे कुणी बघितलंसुद्धा नाही हो! मी राखलं ते भांडण, आणि मधल्या मधे दोन बायका खरं बोलायच्या राहून गेल्या. आता मी कोयंड्यात उघडाच लटकतो, दोन्ही किल्ल्या तोंडात घेऊन. तुमच्याही घरी अशी एखादी पेटी असेल, तर साक्षीदार आहेत तोवर उघडून घ्या. आणि या घरी कधी आलात, तर हात जोडून विनंती आहे, मला पुन्हा लावू नका.