पाचच्या आत फुगायला हवं

मेव्हण्याबरोबर पिझ्झ्याचं दुकान निघालं तर जावयाला निम्मी भागीदारी मिळणार होती, गल्ल्यामागची खुर्ची मिळणार होती, आणि त्याचं बोलणं मध्येच तोडायची सासरच्यांची सवय सुटणार होती. दुकान बुडालं तर त्याचं काय जाणार होतं? काही नाही. स्वतःची नोकरी तो दुकानाचा जम बसल्यावरच सोडणार होता. गोदामातली अठरा वर्षांची नोकरी आज सोडायची होती ती त्याच्या बायकोच्या मोठ्या भावाला. राजीनामा फोनवर लिहून तयार होता. पाचच्या आत धाडला तरच पुढच्या महिन्यात सुटका.

भावाची अट एकच. "जावईबापू, कोरड्या पिठापासून गोळ्यापर्यंत माझ्यासमोर करून दाखवा. गोळा फुगला की मी बटण दाबतो."

म्हणून साडेतीनला जावई सासूबाईंच्या ओट्यापाशी बाह्या सरसावून उभा. पिझ्झ्याच्या दुकानात चार वर्षं काढलेला माणूस! "पीठ म्हणजे लेकरू," तो म्हणाला. "त्याच्याशी बोलावं लागतं."

"बोला हो," सासूबाई म्हणाल्या, "पण आधी हात धुवा."

भाऊ हसला. बायको हसली नाही. दोन वर्षांपूर्वी नवरा घरी विसरलेली किल्ली द्यायला ती तो काम करत असलेल्या दुकानाच्या मागच्या दारानं गेली होती, तेव्हा तिथं ट्रक रिकामा होत होता. खोक्यांमागून खोकी, आणि आत दगडासारखे गोठलेले तयार गोळे. ते वितळले की थापायचे, एवढंच नवऱ्याचं काम. तिनं ते पोटात ठेवलं. माहेरी नवऱ्याचा भाव वाढत असेल तर कोणती बाई तो पाडेल?

यीस्टच्या पुडीवरचं मात्र तिनं वाचलं होतं. कोमट पाणी, दहा मिनिटांत फेस. जावयानं उकळती किटली उचलली आणि सरळ वाटीत ओतली.

"अहो, जरा निवू द्या की."

"तुला काय कळतं त्यातलं?"

दहा मिनिटांनी वाटीत नुसतं मातकट पाणी.

"फेस यायला हवा ना?" भावानं विचारलं.

"आमच्याकडे असंच असतं."

मग मीठ, तेल, मैदा आणि ओटा हलेल असं मळणं. भांड्यावर ओलं फडकं पडलं. साडेचारला फडकं उचललं, गोळा होता तेवढाच. पावणेपाचला पुन्हा उचललं. सासूबाईंनी बोट रुतवून पाहिलं, खड्डा तसाच राहिला.

"हवेत गारवा आहे," जावई म्हणाला. "रात्रीपर्यंत दुप्पट होतो, बघा. चार वर्षं हेच करतोय, दादा."

भावानं घड्याळ पाहिलं. अट त्याची होती, आणि घाईही त्याचीच. "तुम्ही म्हणता तर..." म्हणत त्यानं फोन उचलला.

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान अगदी जराशी हलवली. नको.

भावाचा अंगठा खाली येत होता.

"दादा, थांब!"

"काय गं?"

"ते पीठ नाही फुगायचं. रात्रीही नाही, उद्याही नाही. कढत पाण्यानं यीस्ट मेलं. यांनी कधी पीठ मळलेलंच नाही रे. दुकानात तयार गोळे येतात."

जावई नखांतलं पीठ काढू लागला. भावानं फोन पालथा ठेवला आणि पाहिलं ते जावयाकडे नाही, बहिणीकडे.

"तुला कधीपासून माहीत?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मला आत्ता सांगतेस? पाचला सात मिनिटं कमी असताना?"

तिनं फडकं पुन्हा भांड्यावर टाकलं.

भावाची नोकरी वाचली. जावयाची तर शाबूतच होती. सासूबाईंचा अर्धा किलो मैदा गेला, तो त्यांनी हसण्यावारी नेला. घरी जाताना जावई बायकोच्या दहा पावलं पुढे चालला आणि महिनाभर तसाच चालत राहिला. भाऊ बहिणीचा फोन उचलेना. थाप मारली एकानं, त्या थापेवर विसंबला दुसरा, आणि दोघांचाही अबोला सोसत बसली ती खरं बोललेली.